बुढ्याच्या चाकाला बांधलेलं लाकूड

हसू नका, मित्रांनो. माझा एक दिवा फुटका आहे, बॉनेट तारेनं बांधलेलं आहे आणि सायलेन्सरवर डब्याचं झाकण आहे, हे मला ठाऊक आहे. जुना झालो म्हणून काय झालं? धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरलो की कडेच्या धुऱ्यावरची माणसं अजूनही मान वळवून बघतात. मी एक ट्रॅक्टर आहे. आज माझी गोष्ट सांगतो, कारण एरवी माझं ऐकतं कोण? मला आवाज मिळाला, शब्द मिळाले नाहीत. आत काहीही बिघडो, ते आतच कोंडून ठेवायचं, असा माझा जन्म.

कारखान्यातून निघालो तेव्हा लालभडक होतो. सिंदेवाहीकडच्या एका मालकाने पेढे वाटून मला घरी नेलं. तिथे माझ्या जोडीला एक निळा ट्रॅक्टर होता. आम्ही दोघांनी किती बांध्या चिखलल्या त्याला गणती नाही. एका चिखलणीत तो निळा फसला. त्याला काढायला मागच्या चाकांना आडवं लाकूड बांधलं. लाकूड चिखलात रुतलं, चाकं फिरेनात आणि सगळा जोर निळ्याच्या तोंडाशी गेला. तोंड वर उचललं, आणखी वर गेलं आणि तो मागे उलथला. त्याचा चालवणारा खालून जिवंत निघाला नाही. मी शेजारच्या बांधीत उभा राहून हे बघितलं.

पुढे मालकाने नवा ट्रॅक्टर आणला आणि मला गोठ्यामागे ढकललं. अंगावर वेली चढल्या, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. कोणीतरी चाबी लावेल म्हणून मी कितीतरी पावसाळे वाट बघितली. मग एक दिवस लटारूभाऊ आले. ते आरमोरीकडचे धानाचे शेतकरी. जन्मभर बैलांमागे चाललेले, यंत्राचे मालक आता पहिल्यांदाच होत होते. त्यांनी माझ्या बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "चाल बुढ्या, घरी जाऊ." बस्स! मी तिथेच त्यांचा झालो.

भाऊंनी माया फार केली, पण ती बैलाची माया. सकाळी उठून माझ्या पाठीवरून हात फिरवायचे, चाकांचा चिखल काडीने काढायचे. ऑइल बदलायचं असतं, फिल्टर बदलायचा असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. उघड्या डब्यातून डिझेल ओतायचे. त्याच्याबरोबर धूळ आणि भुसाही माझ्या पोटात जायचा. हळूहळू फिल्टर पार कोंदला. जड काम आलं की डिझेल पुढे येईना, माझा जीव घुसमटायचा आणि मी बंद पडायचो.

"थकला बुढा," भाऊ म्हणायचे. "सावलीत उभा करू."

आणि गंमत बघा, थोडा वेळ उभं राहिलं की डिझेल झिरपत झिरपत पुढे यायचं आणि मी पुन्हा सुरू व्हायचो! भाऊंना वाटायचं, आपलं निदान बरोबर. त्यांची बायको इंदुताई मात्र माझ्याकडे बघत राहायची. "अवो, हा रोज रोज काऊन थकते? मिस्त्रीले दाखवा ना," ती म्हणायची.

"आराम केला का बरा होऊन राह्यला ना? मंग मिस्त्री कायले पायजे?"

संपलं. इतका राग यायचा म्हणून सांगू! अहो भाऊ, मी थकलो नाही, माझा गळा दाबला गेलाय! पण हे सांगणार कसं?

पहिल्याच चिखलणीत मी खोल बांधीत रुतलो. शेजारचे देवाजी धावत आले. माणूस भला, पण उत्साह दांडगा. "लाकूड बांध चाकाले. आत्ता निंगते," ते म्हणाले. लाकूड बघितलं आणि मला निळा आठवला. नको, भाऊ, नको! पण भाऊंनी गिअर टाकला. लाकूड रुतलं. माझं तोंड उचललं. भाऊ घाबरले आणि काय केलं असेल त्यांनी? क्लच दाबायचा सोडून, बैलाचा कासरा ओढावा तसं स्टिअरिंग दोन्ही हातांनी छातीशी ओढलं आणि बैल थांबवताना ओरडतात तसं ओरडले, "हो! हो रे बुढ्या, हो!" मी आभाळाकडे चाललो होतो आणि मला थांबता येत नव्हतं. तेवढ्यात नेहमीसारखा माझा दम कोंडला. डिझेल तुटलं, मी बंद पडलो आणि धाडकन खाली आलो. भाऊ वाचले.

गावभर एकच चर्चा झाली, बुढ्यानं मालक वाचवला! मला हळद-कुंकू लागलं, हार पडला, कोणीतरी नारळही फोडला. इंदुताईने मात्र या वेळी कोणाचं न ऐकता आरमोरीहून गुणवंतराव मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी फिल्टर उघडला. आतून काळा गाळ निघाला.

"भाऊ, बुढ्यानं नाई, या घाणीनं वाचवलं तुमाले," मिस्त्री म्हणाले. "हा साफ असता त तुमी आज खाली दबले असते. आता नवीन टाकून देतो. पन फसला त खोदून काढा. लाकूड बांधाचं नाई."

"मशीनचं तुमाले समजते जी," भाऊ हसून म्हणाले. "पन मालक कोन, हे त्याले समजते."

इंदुताई हसली नाही. तिने मिस्त्रींना विचारलं, "म्हंजे आता पुन्हा लाकूड बांधलं त हा बंद नाई पडनार?"

"नाई पडनार, बाई. पलटनार."

नव्या फिल्टरने माझ्या अंगात तरुणपणीचं बळ आलं. खरं सांगतो, मित्रांनो, त्या दिवसापासून मला स्वतःचीच भीती वाटू लागली.

पोळ्याचा दिवस आला. गावची बैलं बोडीवर धुवायला निघाली. आमच्याकडे बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. भाऊ म्हणाले, "बुढाबी माहा बैलच हाय. त्यालेबी आंघोळ घालू." आणि घातलं की मला सरळ पाण्यात! तळाला गाळ होता. मी पोटापर्यंत बसलो. जितका जोर केला तितका खाली गेलो. चाकांभोवती गाळ, ब्रेकमध्ये पाणी, इंचभर हलता येईना. काठावर बैलं उभी होती, पण पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. मग काय, देवाजी लाकूड घेऊन आले आणि साखळीने माझ्या चाकांना बांधलं.

"भेव नाई," भाऊ सीटवर चढत म्हणाले. "बुढा मले मारत नाई."

मारतो, भाऊ! आज मारतो! मी आतून ओरडत होतो. त्यांनी चाबी फिरवली आणि मी एका झटक्यात सुरू झालो. मला बंद पडायचं होतं आणि पडता येत नव्हतं.

इंदुताई माझ्यासाठी आरतीचं ताट घेऊन आली होती. तिने लाकूड बघितलं. ताट काठावर ठेवलं, लुगड्याचा ओचा खोचला, कमरेएवढ्या पाण्यात शिरली आणि माझ्या चाकाला बांधलेल्या त्या लाकडावर जाऊन बसली.

"टाका गेर," ती म्हणाली.

"उतर वो! पागल झाली का तू?"

"काऊन? बुढा तुमाले मारत नाई, त मले कायले मारन? टाका."

भाऊंचा हात गिअरवर होता. त्यांनी बायकोकडे बघितलं, लाकडाकडे बघितलं आणि चाबी बंद केली. मग खाली उतरून त्यांनी स्वतः साखळी सोडली.

त्या दिवशी मी बोडीतच राहिलो. दुसऱ्या दिवशी माणसांनी खोदलं, बैलांनी ओढलं तेव्हा निघालो. पोटातलं ऑइल पाणी शिरून दुधाच्या चहासारखं झालं होतं. मिस्त्रींनी वरून सांगितलं आणि भाऊंनी माझ्याखाली आडवं होऊन नट उघडला. सगळं ऑइल त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. पण आता ते डिझेल फडक्यातून गाळून घालतात, फिल्टर उघडून बघतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं यंत्र आलं तर त्याला हार घालण्याआधी त्याचं झाकण उघडा. ते कसं चालतं आणि कसं थांबतं, ते जाणत्याला विचारून घ्या. लटारूभाऊंवर माझा जीव आहे. तरीही त्या पोळ्याला त्यांनी गिअर टाकला असता तर मी त्यांना मारलं असतं, आणि इंदुताईलाही. जीव लावणं मला जमतं. थांबणं मला जमत नाही, ते तुम्हालाच करावं लागतं.