कुंपणाबाहेरचा खोकला

"आजोबा, तुम्ही आजीला कधी 'आय लव्ह यू' म्हणालात?"

कश्मिराने विचारून टाकलं आणि हातातल्या गरम चहाच्या कॅनमागे तोंड लपवलं. प्रश्न तिचा नव्हता. मिओ आणि युना या वर्गमैत्रिणींनी तिच्याशी पैज लावली होती. हिच्या आजी-आजोबांनी लग्नाआधी एकमेकांना एकदाच पाहिलं, तेही घरभर माणसं बसलेली असताना, हे कळल्यापासून त्या दोघींना चैन नव्हतं. विचारायचं धाडस झालं नाही, तर शाळेसमोरच्या कोनबिनीतून, त्या चोवीस तास उघड्या दुकानातून, दोघींना गरमागरम निकुमान खाऊ घालायचे. वर्षभरापूर्वीची कश्मिरा मुकाट्याने ते वाफाळते बन विकत घेऊन मोकळी झाली असती. पण यंदा तिने शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत जपानी मुलामुलींना मागे टाकलं होतं, आईला न विचारता केस खांद्यापर्यंत कापून आली होती, आणि आपल्याला जगात कोणालाही काहीही विचारता येतं अशी तिची नुकतीच खात्री पटली होती.

गुणवंत आजोबांनी कानटोपी सारखी केली. समोर बागेतलं लाल विटांचं इंग्रजी घर जानेवारीच्या उन्हात उभं होतं.

"नाही बुवा," ते म्हणाले. "तसलं काही म्हणालो नाही."

"मग काय म्हणायचात?"

"म्हणायचो काही नाही. खोकायचो."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून कश्मिराच्या नाकातून चहा आला. जयमाला आजी रोज पहाटे देवाच्या फुलांसाठी बाहेर पडायची. स्वतःच्या घरी दोन कुंड्या, त्यामुळे फुलं लोकांच्या कुंपणांवरची. तगर, कण्हेर, कोणाचा अनंत, कोणाची जास्वंद. आजोबा पाणीपट्टीच्या खात्यात कारकून. ऑफिसातली टाचणीसुद्धा त्यांनी कधी घरी आणली नाही. या चोरीची त्यांना लाज वाटायची, पण बायकोला अंधारात एकटीला सोडवत नसे. म्हणून आजी फांदी वाकवायची आणि आजोबा कोपऱ्यावर पिशवी काखेत मारून उभे. कोणी येताना दिसलं की दोनदा खोकायचं. नोकरी संपली, मुलगी मंजुषा, म्हणजे कश्मिराची आई, लग्न होऊन जपानला गेली, तरी हा शिरस्ता मोडला नाही. आजी गेली त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत.

"एकदा खरंच सर्दी झाली होती मला," आजोबा म्हणाले. "बिचारी तीनदा पळाली रिकाम्या हाताने."

सोमवारी शाळेत हे सांगितल्यावर मिओ आधी हसली आणि मग तिने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. त्या दिवसापासून मिओला आवडणारा मुलगा कॉरिडॉरमधून निघाला की तिघी मिळून खोकायला लागल्या. शाळेच्या नर्सबाईंनी तिघींना मास्क दिले.

ही बाग नागोयापासून खाजगी रेल्वेने तासाभरावर, डोंगराच्या कुशीत होती. चिनी मातीच्या भांड्यांचा एक कारखानदार म्हणे तरुणपणी इंग्लंडला जाऊन आला आणि तिथल्या एका जमीनदाराच्या घराच्या प्रेमात पडला. परत येऊन त्याने तसंच घर इथे बांधलं. उंच धुराडी, आत शेकोट्या, ज्या आगीच्या नियमांमुळे कधी पेटल्या नाहीत. मागे कातरलेल्या गर्द झाडांची पुरुषभर उंच कुंपणं आणि त्या कुंपणांनी पाडलेले बागेचे खोलीसारखे कप्पे. पेयांचं यंत्रसुद्धा हिरव्या रंगाने रंगवून झाडीत दडवलेलं.

आई-वडिलांना कायमचं जपानला आणून ठेवायची सोय नसते. येतात ते पाहुण्यांच्या व्हिसावर, फार तर तीन महिन्यांसाठी. त्यामुळे आजोबांनी ही बाग तुकड्यातुकड्यांनी पाहिली होती, एका खेपेला एक ऋतू.

पहिल्या खेपेला मे महिना होता. आजीला जाऊन वर्ष झालं नव्हतं. गुलाब असे फुलले होते की पानं दिसत नव्हती, आणि माणसांची रीघ. प्रत्येक जण फुलापाशी थांबायचा, वाकायचा, डोळे मिटून वास घ्यायचा. आजोबांची चिडचिड झाली.

"या बायका सगळी फुलं हुंगून ठेवतायत," ते कश्मिराला म्हणाले. "देवाला काय वाहायचं मग?"

हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, हे कश्मिराला तोवर ठाऊकच नव्हतं. तिने मान डोलावली आणि फोनमध्ये डोकं घातलं. वर पाहिलं तेव्हा आजोबा शेवटच्या कप्प्यात, जिथे अजून कोणी पोचलं नव्हतं, तिथे पांढऱ्या गुलाबांची ओंजळ रुमालात बांधत होते. त्यांच्यासमोर हातमोजे घातलेली एक बाई अवाक होऊन उभी होती. बागेची माळीण, हातानो-सान.

त्या काळात कश्मिराचा वर्गातसुद्धा आवाज फुटत नसे. तिचे कान तापले. कमरेतून वाकून तिने माफी मागितली आणि जमिनीकडे बघतच म्हणाली, की हे देवासाठी आहे, आणि आजी वारली आहे, आणि भारतात असं करतात, म्हणजे करत नाहीत, पण करतात.

हातानो-साननी रुमाल मागून घेतला. संपलं, आता पोलीस, असं कश्मिराला वाटलं. बाई बाकावर बसल्या, खिशातला छोटा सुरा काढला आणि एकेका देठावरचे काटे खरवडू लागल्या. त्यांच्याही घरी गेलेल्या माणसांपुढे फुलं ठेवतात, पण काट्यांची ठेवत नाहीत, एवढंच त्या म्हणाल्या. फुलं वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी दोन्ही हातांनी आजोबांना परत दिली. मग कश्मिराकडे वळून, अत्यंत मऊ आवाजात, पुन्हा एकाही फुलाला हात लावायचा नाही असं बजावलं.

दुसऱ्या खेपेला ऑक्टोबर होता. हातानो-साननी आजोबांना ओळखलं आणि दर गुरुवारी हौशी मदतनिसांबरोबर सुकलेली फुलं कापायला बोलावलं. भाषा एकाची दुसऱ्याला येत नव्हती, तरी दोघांचं उत्तम जमलं. कापलेली फुलं कचऱ्याच्या पिशवीत टाकायला मात्र आजोबा तयार होईनात. घरीसुद्धा देवावरून उतरवलेलं निर्माल्य जळाऊ कचऱ्यात टाकताना ते रोज मंजुषाशी वाद घालत. हातानो-साननी त्यांना मागच्या बाजूचा खताचा ढीग दाखवला. सगळी फुलं इथे येतात आणि मातीत जातात, हे हातवाऱ्यांनी समजावलं. आजोबांनी चपला काढून ढिगाला नमस्कार केला. बाकीच्या मदतनिसांनीही, काही न कळता, मान लववली.

त्याच खेपेला ते दोन वेगळे बूट घालून स्टेशनपर्यंत आले होते. कश्मिरा इतकी हसली होती की तिने फोटो काढून मिओला पाठवला होता.

आता तो फोटो तिला बघवत नव्हता.

डिसेंबरात पुण्याहून शेजारच्या शैलजाकाकूंचा फोन आला होता. गॅस दोनदा उघडा राहिला. पहाटे आजोबा घरात नव्हते, शोधल्यावर भलत्याच सोसायटीच्या कुंपणापाशी सापडले. कुठे निघालात, तर सांगता येईना. मंजुषा त्यांची एकुलती एक. तिने त्यांना तातडीने बोलावून घेतलं, पण तातडीने बोलावलं तरी तीन महिनेच. एप्रिलच्या सुरुवातीला परत जाणं भाग होतं, आणि या वेळी घरी नाही. पुण्याबाहेर तळेगावच्या बाजूला वृद्धांसाठी एक चांगलं ठिकाण होतं. डॉक्टर होते, हिरवळ होती. एक वर्षाचाच प्रश्न आहे, मंजुषा म्हणाली होती. कश्मिराची विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा एकदा झाली की मी अण्णांपाशी जाऊन राहीन. या वर्षात पोरीला सोडून कशी जाऊ? बाबांनाही ते पटलं होतं. कोणी आवाज चढवला नव्हता. सगळं इतक्या समजूतदारपणे ठरलं होतं की कश्मिराला बोट ठेवायला जागा मिळत नव्हती. आजोबांना अजून सांगायचं होतं.

मार्चच्या पहिल्या रविवारी त्या ठिकाणच्या व्यवस्थापकांशी आई-बाबांचं व्हिडिओवर बोलणं होतं. तेवढा वेळ अण्णांना बाहेर ने, आई म्हणाली. म्हणून कश्मिरा त्यांना बागेत घेऊन आली.

बागेत काही नव्हतं. गुलाबांचे गुडघाभर खुंट, त्यांच्या बुडाशी पेंढा. आभाळ खाली आलेलं. माणसं तुरळक, छत्र्या मिटून फिरणारी. कश्मिरा पेयांच्या यंत्राशी गेली आणि वळून पाहते तो बाकावर आजोबा नव्हते.

वक्तृत्व स्पर्धेतली कश्मिरा त्या क्षणी कुठे गेली कोण जाणे. कॅन टाकून ती धावत सुटली. घराला वळसा घालून, सगळे कप्पे पालथे घालून ती शेवटच्या उंच कुंपणाशी आली. आजोबा कोपऱ्यावर उभे होते, पाठ कुंपणाला, कापडी पिशवी काखेत मारलेली. नजर वाटेवर. समोरून एक वयस्कर जोडपं येत होतं. ते जवळ आलं तसे आजोबा दुसरीकडेच बघत असल्यासारखे उभे राहिले आणि दोनदा खोकले.

जोडपं निघून गेलं.

"आजोबा," कश्मिरा म्हणाली. तिला दम लागला होता. "चला ना. थंडी आहे."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. तिचं झालं नाही अजून."

शैलजाकाकूंजवळ आजोबांना हे सांगता आलं नव्हतं. तिला सांगितलं, अगदी सहज, कोणाची बस यायची आहे असं सांगावं तसं.

तिने काय काय करून पाहिलं. गाडी चुकेल म्हणाली. आई वाट बघतेय म्हणाली. ते ऐकत होते, मान हलवत होते आणि वाटेवरची नजर काढत नव्हते. हात निळसर पडले होते. शेवटी तिला रडू यायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "आजी पुढे गेली, आजोबा. घरी गेली ती."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. चेहरा दुखावलेला होता.

"मला इथे उभा ठेवून?" ते म्हणाले. "ती तसं करायची नाही."

आणि मग, तिला समजावत असल्यासारखं, "मी हललो तर बाहेर आल्यावर ती कुठे शोधेल मला?"

तळेगावलाही कुंपण असणार, हे कश्मिराच्या डोक्यात आलं. तिथेही पहाट होणार आणि हे उठून जाऊन उभे राहणार. कोणीतरी पगारी माणूस येऊन म्हणणार, आजोबा, आत चला. रोज. त्या माणसाला जयमाला कोण ते कुठून माहीत असणार?

ती कुंपणाच्या पलीकडे गेली. आतल्या कप्प्यात, सावलीत, एक वाफा फुललेला होता. ख्रिसमस रोज, मान खाली घालून उमलणारी मळकट पांढरी फुलं. लहानपणापासून जपानात वाढलेल्या कश्मिराने आयुष्यात कधी लाल सिग्नलला रस्ता ओलांडला नव्हता, रस्ता रिकामा असतानासुद्धा. ती गुडघ्यांवर बसली. पलीकडून दोनदा खोकल्याचा आवाज आला. ती दचकून थांबली. पावलं आली, गेली. मग तिने एक फूल खुडलं, अजून एक खुडलं, न हुंगता, आणि ती उठली.

वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला हातानो-सान ढकलगाडी धरून उभ्या होत्या. किती वेळ, कोणास ठाऊक. फुलं कश्मिराच्या हातातच होती. हातानो-साननी कुंपणाकडे पाहिलं, जिथून खोकला आला होता. मग गाडी वळवली आणि त्या पाठमोऱ्या निघून गेल्या.

बाहेर येऊन कश्मिराने फुलं पिशवीत टाकली. "झालं," ती म्हणाली. "चला आता."

आजोबांनी पिशवीत डोकावलं. "एवढीच?"

"थंडीचे दिवस आहेत ना."

"बरं," ते म्हणाले आणि तिचा हात धरून निघाले. गाडीत ते तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. पिशवी त्यांनी सोडली नाही. रस्ताभर कश्मिरा खिडकीतून बाहेर बघत होती, आणि तिला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

घरी आई-बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. लॅपटॉप उघडा, पडद्यावर ऊन पडलेली हिरवळ आणि एकाच दिशेला तोंड करून मांडलेल्या खुर्च्या. खोली चांगली आहे, खिडकी आहे, आई सांगू लागली. तिचे डोळे सुजले होते. कश्मिराने आजोबांना आत नेऊन पांघरूण घातलं, दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन ती उभीच राहिली.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "आजोबा तिथे जाणार नाहीत. आई, तू त्यांच्याबरोबर पुण्याला जायचं. घरी. मी आणि बाबा इथे राहू."

बाबा म्हणाले, "कश्मिरा, हे आपलं बोलून झालंय."

"तुमचं झालंय. मला कोणी विचारलं नव्हतं."

"अगं, तुझं हे वर्ष..." मंजुषा म्हणाली. "सकाळी उठवायचं कोणी तुला? डबा? आजारी पडलीस तर?"

कश्मिराने वाटेत याचं उत्तर तयार केलं होतं. भात लावता येतो, कोनबिनी खाली आहे, बाबा आहेत. पण आई तिच्याकडे अशी बघत होती की त्यातलं एकही वाक्य वर येईना. आई नसलेलं स्वयंपाकघर तिला अचानक स्पष्ट दिसलं, कोरडं सिंक, बंद दिवा.

"मला तुझी गरज नाहीये आता," ती म्हणाली. आवाज अजिबात हलला नाही. "एवढी नाहीये."

मंजुषाने हाताने तोंड झाकलं. बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

"तिकिटं बघा, बाबा," कश्मिरा म्हणाली. "शेजारशेजारची. दोनच."