माझ्या ब्रेकला तेल लागले तो रविवार

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. जुनी म्हटल्याचा मला राग येत नाही, भंगार म्हटल्याचा येतो. मला भंगार म्हणणारी व्यक्ती याच घरात राहते, स्वयंपाक छान करते, आणि तिला माझी जिन्याखालची जागा धान्याच्या डब्यांसाठी हवी आहे. ती म्हणजे आई.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे कुणी कुणाचे लाड करत नाही. नट आवळले, रंग फवारला आणि दिले बाहेर ढकलून. दुकानात मात्र माझा थाट होता. रोज कुणीतरी येऊन माझ्याकडे बघत उभे राहायचे. एके दिवशी एक किडकिडीत शिंपी आला. त्याने आधी माझ्या सीटची शिवण बोट फिरवून तपासली, ‘टाके चांगले आहेत’ असे म्हणाला आणि मला घरी घेऊन आला. इंजिनाबद्दल त्याने चकार शब्द विचारला नाही.

हेच आमचे बाबा. आम्ही दोघांनी मिळून सगळे गाव पालथे घातले. शिवून झालेले कोट माझ्या मागच्या कॅरिअरवर बसून गिऱ्हाइकांच्या घरी जात. रस्त्यात कुणी ‘मास्तर, गाडी झकास आहे हो!’ म्हणाले की बाबांची छाती फुगायची, आणि खरे सांगायचे तर माझीही. पुढे त्यांची मुलगी टाकीवर बसून फिरू लागली. मग तीही मोठी झाली, बाबांचे गुडघे कुरकुरू लागले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. बाबांनी उरल्यासुरल्या कापडातून माझ्यासाठी आच्छादन शिवले. अर्धे चौकडीचे, अर्धे रेघारेघांचे. हाताला सवय असल्यामुळे त्याला खिसाही लावला. त्या खिशात एका कोळ्याने संसार थाटला आणि मला सगळे विसरून गेले.

विसरली नाही ती ताई, म्हणजे तीच टाकीवर बसणारी मुलगी. तिला रुग्णालयात परिचारिकेची नोकरी लागली. पहिली पाळी भल्या पहाटे सुरू होणार आणि त्या वेळी बस नसते. ती म्हणाली, “बाबा, मी आपली गाडी काढते.” बाबा म्हणाले, “नको.” आठवडाभर तिने विनवण्या केल्या आणि आठवडाभर बाबांनी ‘नको’चाच पाढा लावला. त्यांना भीती वाटत होती, पण तसे कबूल कोण करणार! शेवटी वैतागून ते म्हणाले, “रविवारी स्वच्छ करून दाखव, मग बघू.” पाळी सोमवारपासून होती.

मित्रांनो, त्या रविवारी मला जशी आंघोळ घातली गेली, तशी कारखान्यातसुद्धा कुणी घातली नव्हती. ताईने बादलीत साबणाचे पाणी केले. माझ्या सांगाड्याच्या सांध्यासांध्यातला चिखल तिने दात घासायच्या जुन्या ब्रशने काढला. मला इतक्या गुदगुल्या झाल्या की स्टँड ढिला असता तर मी आडवीच झाले असते. मग तिने दोन्ही चाकांच्या ब्रेकच्या चकत्या, म्हणजे डिस्क, हाती घेतल्या. पॉलिश पेपरने गंज उतरवला, स्पिरिटमध्ये कापूस बुडवून चकत्या पुसल्या आणि शेवटी कोरडे फडके फिरवले. आपले बोटसुद्धा त्यांना लागू दिले नाही.

“अगं, गाडी धुते आहेस की ऑपरेशन करते आहेस?” आईने दारातून विचारले.

“दोन्ही,” ताई म्हणाली आणि आंघोळीला गेली.

आणि इथेच घोटाळा झाला.

बाबा बाहेर आले. माझ्याभोवती फिरले. मी अशी काही चमकत होते की त्यांचा चेहराच बदलला. पण चकत्यांपाशी येऊन ते थबकले. “पोरीने एवढी मेहनत घेतली,” ते पुटपुटले, “पण हे लोखंड मात्र अगदी कोरडं ठेवलं. गंज चढेल ना!”

तुम्हाला सांगायला हवे की आमच्या बाबांचा शिवणयंत्राच्या तेलावर फार विश्वास. या तेलाने त्यांचे मशीन आयुष्यभर चालले, म्हणून जगातली प्रत्येक वस्तू त्यानेच चालते असे त्यांना वाटते. दाराच्या बिजागऱ्या झाल्या, कात्र्या झाल्या, छत्री झाली. एकदा आईच्या चष्म्याच्या काड्यांनाही त्यांनी तेल घातले होते, तेव्हा तो आठवडाभर तिच्या नाकावर टिकेना. तर बाबांनी तेलाची कुपी आणली आणि माझ्या दोन्ही चकत्यांना मायेने तेल चोपडले.

माझ्या तोंडचे पाणी पळाले. आमच्या घरासमोरची गल्ली उताराची. उद्या पहाटे अंधारात ताई माझ्यावर बसणार, उतारावर ब्रेक दाबणार आणि मी थांबणार नाही! ओरडावे तर हॉर्न कधीचा बिघडलेला. या माणसाने सबंध जन्मात हॉर्नमध्ये तेल घातले नाही, ते नेमके आज ब्रेकवर ओतले.

मी लकाकताना बघून बाबांना तरुणपण आठवले असावे. “एक चक्कर मारून बघतो,” असे स्वतःशीच म्हणत ते माझ्यावर चढले आणि पायांनी रेटत मला गल्लीत काढले. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला हायसे वाटले. पोरीऐवजी बाप गेलेला बरा, असा दुष्ट विचार माझ्या मनात आला.

उतार लागताच बाबांनी पुढचा ब्रेक दाबला. मी निघालेलीच. त्यांनी मागचा दाबला. मी आणखी जोरात. मग त्यांनी दोन्ही पाय जमिनीला घासले आणि “बाजूला व्हा! बाजूला व्हा!” असा धोशा लावला. गल्लीत एका मांजराशिवाय कुणी नव्हते. ते बाजूला झाले. उताराच्या तळाशी एका घराचे बांधकाम चालले होते. तिथल्या वाळूच्या ढिगात मी हँडलपर्यंत शिरले आणि बाबा वाळूवर बसले. लागले काहीच नाही, पण पँटची शिवण मागून टर्रकन उसवली. शिंप्याची पँट, स्वतः शिवलेली, भर रस्त्यात! बाबांना जखम झाली असती तर परवडले असते.

आई आणि ओल्या केसांची ताई धावत आल्या.

“हिच्यात काही राम उरला नाही,” बाबा कडाडले. “उद्याच भंगारात घाला. आणि तू हिला हातसुद्धा लावायचा नाही!”

संपले सगळे, असे मला वाटले. माझेही आणि ताईच्या नोकरीचेही.

ताईने आधी बाबांचे गुडघे तपासले. मग माझ्याकडे वळली. चकतीवर बोट फिरवले, नाकाशी नेले आणि शांतपणे म्हणाली, “बाबा, हा आपल्या मशीनच्या तेलाचा वास आहे.”

बाबांनी वाकून चकती निरखली. मग हळूच म्हणाले, “कमी पडलं का गं?”

आई हसून हसून वाळूत बसली. ताई मात्र हसली नाही. “बाबा, तुमच्या मशीनने पळायचं असतं. तिथे तेल हवं. या चकतीला ब्रेकने घट्ट धरायचं असतं. तेलावरून सगळं निसटतं.”

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. “म्हणजे उद्या पहाटे तू…” एका हाताने उसवलेली पँट धरून त्यांनी दुसऱ्या हाताने ताईचे मनगट घट्ट पकडले. मला त्यांची फार दया आली.

शेजारच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याने ब्रेकचे तेल प्यायलेले पॅड काढून नवे बसवले आणि इंजिनही सुरू करून दिले. “मास्तर, तेल उरलं असेल तर डोक्याला घाला,” असेही सुनावून गेला. चकत्या मात्र बाबांनी स्वतः पुसल्या, स्पिरिटने, ताई सांगेल तशा. दर वेळी विचारत होते, “झालं? आता झालं?”

संध्याकाळी ताई म्हणाली, “बाबा, बसा मागे.” बाबा बसले आणि डोळे गच्च मिटून घेतले. उतारावर ताईने ब्रेक दाबला. मी जिथल्या तिथे उभी राहिले.

“थांबली?” बाबांनी डोळे न उघडता विचारले.

“थांबली.”

मित्रांनो, घरातल्या गाडीला जरूर न्हाऊ घाला, सांध्यातली माती काढा, चार गोड शब्दही बोला. पण कुणावर माया उतू जायला लागली, तर त्याला नेमके काय हवे आहे ते आधी विचारा. आम्हा गाड्यांना बोलता येत नाही. तुमच्या मुलींना येते.

सोमवारी पहाटे बाबा दारात उभे होते. ताईने मला सुरू केले. त्यांचे ओठ ‘नको’ म्हणायला हलले, मला स्पष्ट दिसले. पण त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “सावकाश ये.”