माझी सहा मिनिटं

मी यूपीएस. जुना, जड आणि खरं सांगायचं तर थोडा खोटारडा. लाइट गेली तरी कॉम्प्युटर बंद पडू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. मित्रांनो, माझा जन्म भोसरीच्या एका शेडमध्ये झाला. लोखंडी पेटी, पोटात बॅटरी, कपाळावर हिरवा दिवा. एका पतसंस्थेत नोकरी करून मी म्हातारा झालो आणि २००६ साली यवतला, हर्षदाच्या नेट कॅफेत टेबलाखाली येऊन बसलो.

हर्षदाचं घराणं मेंढरांमागं हिंडलेलं. तिचे वडील रखमाजी अजूनही मेंढरं घेऊन कासुर्डीच्या रानात मुक्कामाला असायचे. तिने मात्र कॉम्प्युटर शिकून कॅफे टाकला होता. लोक लग्नाच्या फिल्मा घेऊन यायचे, दुबईच्या मुलाला पाठवा म्हणायचे. एवढी मोठी फाइल मेलमध्ये बसत नसे. त्यासाठी वेगळ्या साइट होत्या. फाइल तिथं चढवायची, तिची लिंक कळवायची, पलीकडच्याने उतरवून घ्यायची.

पण पारख केल्याशिवाय विश्वास ठेवील तर ती रखमाजींची लेक कसली! तिने जागरणाची एकच फिल्म पाच साइटवर चढवली आणि प्रत्येक वेळी मध्येच मेन स्विच पाडला. एक साइट भन्नाट पळायची, पण लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. दुसरी आठवड्यात फाइल पुसून टाकायची. तिसरी घेणाऱ्याला तासभर ताटकळत ठेवायची. चौथीवर असल्या जाहिराती उघडायच्या की हर्षदा पडदा भिंतीकडे वळवायची. पाचवी नुसती गोगलगाय, पण जिथं तुटलं तिथूनच पुढं चालू करायची. हे सगळं ती वहीत लिहून ठेवायची.

या परीक्षांमध्ये माझा जीव मेटाकुटीला यायचा. अर्धा तास दम धरायचे माझे दिवस संपले होते. सहा मिनिटांत मी ढेपाळायचो. पण लाज वाटायची, म्हणून दिवा शेवटपर्यंत हिरवागार ठेवायचो. गिऱ्हाइकं माझं कौतुक करायची आणि मी आपला फुगायचो.

मग २००८चा फेब्रुवारी आला. सावळाराम नावाच्या शेतकऱ्याने खतासाठी स्वतः बोलावून रखमाजींची मेंढरं आपल्या रानात बसवली होती. शेजारच्या रानातल्या बाळासोने, मेंढरांनी आपला कांदा खाल्ला, अशी आवई उठवली आणि तिघांना घेऊन तो लोखंडी पाइपांनी कळपावर तुटून पडला. अकरा मेंढरांचे पाय मोडले. आडवे आलेल्या रखमाजींचा खांदा फोडला. मग स्वतःच्याच कपाळाला जखम करून, म्हातारा कुऱ्हाड घेऊन अंगावर आला अशी तक्रार त्याने आधी जाऊन नोंदवली. मोडक्या खांद्यानिशी रखमाजी कोठडीत गेले.

पण हर्षदाच्या भावाने, मल्हारने, बाभळीआडून सगळं मोबाइलवर टिपलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ती फिल्म कॅफेतल्या कॉम्प्युटरवर उतरवली. तो बाहेर पडला आणि कोपऱ्यावरच बाळासोच्या माणसांनी त्याला गाठलं. त्याचे तीन दात पाडले, मोबाइल दगडाने चेचला. आता ती फिल्म एकाच ठिकाणी उरली होती.

दहाला दहा मिनिटं कमी होती. दहाला भारनियमन. पुण्याच्या वकीलबाईंना दुपारच्या कोर्टाआधी फिल्म हवी होती. पळत्या साइटलाही तीस मिनिटं लागणार होती, गोगलगायीला चाळीस. शेजारच्या फोटो स्टुडिओतला ज्ञानेश धावत आला होता. तो म्हणाला, "टाक की त्या पळत्या साइटवर. तुझा यूपीएस खेचंल अर्धा तास."

"न्हाई," हर्षदा म्हणाली. "ह्यो सहाच मिनिटं टिकतोय. वहीत हाय माझ्या."

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच साइटबरोबर तिने मलाही तपासलं होतं आणि माझी फुशारकी कधीच ओळखली होती. तरी तिने मला हाकललं नव्हतं. तिने गोगलगाय निवडली.

दहाला लाइट गेली. मी होतं नव्हतं ते सगळं पणाला लावलं. सहा मिनिटं. शंभरातले चाळीस भाग वर गेले आणि मी विझलो.

तेवढ्यात दारात बूट वाजले. पहिला पाइप पडद्यावर बसला, काचांचा सडा पडला. ज्ञानेशच्या पोटात लाथ बसली आणि तो भिंतीशी कोसळला. बाळासो गुरगुरला, "टीव्हीत काय नसतंय. माल पेटीत असतोय."

खरा कॉम्प्युटर पडद्याखालीच आडवा होता, हर्षदाने विणलेल्या रुमालाखाली, काचांनी झाकलेला. बाळासो खाली वाकला आणि त्याला मी दिसलो. हर्षदा धावली आणि माझ्यावर पालथी पडली.

"ह्याला हात लावू नका. माझ्या आबाचा जीव हाय ह्याच्यात."

त्यांना तेच हवं होतं. बरगडीत लाथ घालून त्यांनी तिला उलथवलं आणि मला उचललं. तिने पुन्हा झेप घेऊन माझी कड धरली. तिच्या मनगटावर पाइप बसला. हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला.

हायवेच्या कडेला त्यांनी मला धोंड्यांनी ठेचलं. बॅटरी फुटली, आतलं ॲसिड बाळासोच्या पायावर उडालं. तो कातडं सोलल्यासारखा ओरडला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग त्यांनी मला कालव्यात फेकून दिलं.

पुढचं मला नंतर कळलं. बाराला लाइट आली. हर्षदाने हात ओढणीत बांधला, ज्ञानेशचा पडदा आणून जोडला आणि गोगलगाय चाळीसपासून पुढं चालू लागली. साडेबाराच्या आत फिल्म पुण्यात पोचली. संध्याकाळी रखमाजी सुटले आणि बाळासो आत गेला.

कालव्याचं पाणी बंद झाल्यावर मल्हारने मला शोधून आणलं. आता मी कॅफेच्या फळीवर असतो, रिकामा, चेपलेला. मित्रांनो, राबून थकलेल्यांना त्यांची खरी ताकद विचारत जा आणि तेवढंच ओझं द्या. हर्षदाने माझ्याकडून सहाच मिनिटं मागितली, म्हणून तर मी ती देऊ शकलो.

हर्षदाने बाळासोला कसं गंडवलं, हे लोक अजून हसत सांगतात. खरंच आहे. पहिल्यांदा ती माझ्यावर पडली ती युक्तीच होती. पण दुसऱ्यांदा? तेव्हा मी त्यांच्या हातात गेलो होतो आणि फिल्म वाचली होती. तिने नुसतं सोडून द्यायचं होतं. तिने सोडलं नाही. ते मनगट आजही सरळ होत नाही, आणि दर सोमवारी त्याच हाताने ती माझ्यावरची धूळ पुसते.