छापता छापता थांबलेली बातमी

मित्रांनो, कोरेगावच्या बाजारपेठेमागे पायाने चालवायचे एक छपाईयंत्र धूळ खात उभे आहे, ते मी. आप्पासोंनी मला सांगलीहून मालमोटारीतून आणले. ते एका साप्ताहिकाचे संपादक. त्यांचा कामगार आकाराम पायाखालची पट्टी दाबी, माझा जबडा मिटे आणि कोऱ्या तावावर अक्षरे उमटत. लग्नपत्रिका हातात घेऊन लोक माझे कौतुक करीत.

सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात बौद्ध वस्तीतल्या बायांनी नळासाठी साताऱ्याला कचेरीवर मोर्चा नेला. आमचा तिथे बातमीदार नव्हता. एस.टी.चा कंडक्टर जे सांगे, तेच आप्पासो लिहीत. त्या दिवशी तो म्हणाला, "कचेरीपुढं लय फोडाफोडी झाली. रस्ताभर नुसता चुरा." आप्पासोंनी 'मोर्चात दगडफेक' असा मथळा जुळवला. मथळ्याखाली, मोर्चाच्या पुढे चालणाऱ्या अंजनाचे नाव घातले.

थोडे ताव छापून झाले, तोच अंजनाची आई, मुक्ताबाई, परतीच्या गाडीतून उतरून थेट दारात आली.

"जय भीम, आप्पासो. आमचं काय छापताय?"

"मोर्चाचं. दगड कशाला मारलासा, मुक्ताबाई?"

"दगड? आवं, रिकामी मडकी आपटली आमी. पाणीच न्हाई, तर मडकी कशाला? दगडच मारायचं असतं तर तुमचा छापखाना जवळ व्हता की."

आकाराम हसला. मुक्ताबाई हसली नाही.

"पोरीला मास्तरणीच्या कालेजात घेतलंय. पोलिसांनी ह्यो कागद वाचला, तर तिला कोण ठिवंल तिथं?"

आप्पासोंनी हातातला ताव खाली ठेवला. "न विचारताच लिहिलं मी," ते म्हणाले, "थांबव रं, आकाराम."

माझे चाक थांबले. चिमट्याने एकेक खिळा, म्हणजे शिशाचे अक्षर, उपसला गेला. छापलेले ताव पुड्या बांधायलासुद्धा बाहेर गेले नाहीत. आप्पासोंनी ते बंबात घातले. मग मुक्ताबाई सांगत गेली आणि ते लिहीत गेले. 'नळासाठी मोर्चा, रिकामी मडकी फोडली'. अंजनाचे नाव तिथेच राहिले. मुक्ताबाईने ती बातमी त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतली, मग उंबऱ्यावर बसून पाणी मागितले.

नळ लगेच आला नाही. अंजना मात्र शिकली, मास्तरीण झाली.

आता विजेवरची यंत्रे आली आहेत, माझे सांधे गंजले आहेत. मित्रांनो, जमले तर मला थोडे तेल द्या. आणि रस्त्यावरची बातमी छापण्याआधी, रस्त्यावर चाललेल्या माणसाला दारात येऊ द्या.