कोपऱ्यातल्या हौदाचे मासे

"वहिनी, हा बघा, याचंही पोटातलं सगळं चिकटलेलंच!" मासेपालन केंद्राच्या कापणीच्या खोलीत शेजारच्या बाईने मासा चिरून पुढे केला.

तिने पाहून न पाहिल्यासारखे केले. सकाळपासून तिच्याही सुरीखाली तेच येत होते. लस टोचलेल्या माशाच्या पोटात थोडेफार चिकटतेच, पण बोट फिरवले की सुटते. हे सुटत नव्हते. आतडी, काळीज एकमेकांना घट्ट धरून बसलेली, वर काळे डाग. सुई भलत्या जागी खोल गेली की असे होते. आणि हे मासे कोपऱ्यातल्या हौदाचे. बोटभर पिल्ले असताना त्यांना लस टोचली होती ती एकट्या तिच्या नवऱ्याने.

"टोचणाऱ्याचं लक्ष कुठं होतं कोण जाणे," दुसरी म्हणाली. "याहून नेमकं तर माझी सासू तोंडानं टोचते!"

सगळ्या हसल्या. तीही हसली.

संध्याकाळी घरी नवरा लस टोचायचे पिस्तूल पुसत बसला होता. उद्यापासून नवी पिल्ले टोचायची होती.

"माझे मासे निघाले ना आज? कसे होते?"

"चांगले होते," तिच्या तोंडून निघून गेले.

"असणारच. हात बसलाय माझा."

तिची नजर त्याच्या अंगठ्यावर गेली. मागच्या हंगामात, कोपऱ्यातला हौद टोचण्याआधीच, सुई त्यात घुसली होती. अंगठा अजून वाकत नव्हता. ती लस पुन्हा अंगात गेली तर जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी बजावले होते.

"अहो, चांगले नव्हते मासे. चिकटलेलं सुटत नव्हतं."

त्याच्या हातातले फडके थांबले.

"कुणाला कळलं?"

"तुमचा हौद होता हे मलाच ठाऊक."

त्याने फडके खाली ठेवले. मग हळूच म्हणाला, "मला वाटायचं, हल्ली माशांना द्यायचं गुंगीचं औषधच हलकं येतं. टोचताना मासे हातात हलतात म्हणून."

तिने त्याच्या हातातले पिस्तूल काढून घेतले. त्याने ते घेऊ दिले.

सकाळी फाटकातून तो हौदांकडे वळला नाही. तिच्या मागोमाग कापणीच्या खोलीत आला.

"सुरी नको," तो मुकादमाला म्हणाला, "धुवायचं काम द्या."

"या भाऊजी," म्हणत बायकांनी जागा केली.

तिने कोपऱ्यातल्या हौदाचा पहिला मासा चिरून त्याच्यापुढे सरकवला. त्याने आत अंगठा घालून सोडवून पाहिले. सुटेना. मग नळ सोडून तो मासा धूत राहिला, स्वच्छ झाल्यावरही.