केळीच्या धाग्याची पट्टी

नांदेडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या पंचशीलेनं अर्धापूरच्या केळीच्या खोडांपासून जखमेची पट्टी बनवली होती. घड उतरवल्यावर शेतकरी ही खोडं बांधावर फेकून देतात. त्यांच्या धाग्यात वाहतं रक्त धरून ठेवायची ताकद आहे, हे तिनं दाखवून दिलं, तेव्हा संरक्षण खात्याच्या एका संशोधन संस्थेनं तिचा प्रकल्प उचलून धरला. यंत्रं आली, हाताखाली माणसं आली. मग पट्ट्या सीमेवरच्या गारठ्यात टिकतात का हे तपासायला गेल्या, आणि पापडासारख्या कडक होऊन मोडल्या.

संस्थेकडून हे काम पाहणाऱ्या सौदामिनी मॅडम नांदेडला आल्या. आता गाशा गुंडाळायला सांगतील, असंच पंचशीलेला वाटलं.

"बंद नाही करायचं," त्या म्हणाल्या. "लातूरला अनय नावाचे एक प्राध्यापक सोयाबीनपासून पातळ पापुद्रा बनवतात. जवानांच्या शिध्याच्या पाकिटांसाठी. तो गारठ्यात मऊ राहतो, पण ओढला की फाटतो. तुमचा धागा फाटत नाही, पण कडक होतो. भेटलात कधी?"

"नाही. ते काय करतात तेच ठाऊक नव्हतं."

"ते ठाऊक करून देणं हेच आमचं काम."

पंचशीला म्हणाली, "स्पष्ट बोलू, मॅडम? उद्या पट्टी चालली, तर ती त्यांची होईल. माझं नाव मागं पडतं, हा माझा अनुभव आहे."

सौदामिनी मॅडमनी समजूत घातली नाही. "मग करारात आधीच लिहून घ्या. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय नमुने लातूरला जाणार नाहीत."

सह्या झाल्या. लातूरच्या प्रयोगशाळेत अनयनं दारातच सांगून टाकलं, "मॅडम, जखमेतलं मला काही कळत नाही. आमचं नुसतं फाटून राहिलंय, तेवढं बघा." तिला हसू आलं, आणि मनातली अढी थोडी सैल झाली.

त्यांनी धागा सोयाबीनच्या द्रावात बुडवला. पट्टी गारठ्यात मऊ राहिली, पण रक्त तिच्यावरून ओघळून गेलं. दुपारभर दोघं चिडून बसले. मग पंचशीला म्हणाली, "धागा आणखी बारीक पिंजू, आणि पापुद्रा फक्त पाठीला लावू. अस्तरासारखा. जखमेकडची बाजू उघडीच राहू द्या."

नव्या पट्ट्या तपासणीला गेल्या. काही आठवड्यांनी सौदामिनी मॅडमचा फोन आला. "वाकली, मोडली नाही. रक्तही धरलं."

"म्हणजे झालं?"

"अजून इस्पितळातल्या चाचण्या आहेत. आणि तोवर यातलं काही छापायचं नाही."

हे मात्र तिला लागलं. शोधनिबंध छापून येण्यावर तिची बढती अडली होती. "कधीपर्यंत?"

"सांगता येत नाही. मी पाठपुरावा करीन, पण शब्द देत नाही."

तिनं लगेच अनयला फोन लावून सगळं सांगितलं. न छापण्याचं ऐकून तोही हिरमुसला. मग म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. तुमचा उरलेला धागा मी पापुद्र्यात घालून बघितला. शिध्याचं पाकीट आता दोघांनी ओढलं तरी फाटत नाही."

पंचशीला मोठ्यानं हसली. "मग पाकिटाच्या करारातही माझं नाव घाला, सर. आजच."

"हाव, घालतो की," अनय म्हणाला.