बटणावरचा हात

इफ्तारीला थोडाच वेळ उरला होता, आणि ज्या वाहिनीवरची अजान ऐकून सारं स्फाक्स शहर रोजा सोडतं, नेमकी तीच काळी पडली होती. केबल कंपनीचे साहेब, सिदी लमीन, तंत्रज्ञ विसालच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“राऊटर बंद करून चालू कर. बघत काय बसलीस?”

“कुठली वाहिनी कुठून येते नि कुठे जाते, तो तक्ता बघतेय. बंद केला तर बाकीच्या वाहिन्याही जातील, आणि ही येणार नाहीच.”

“मला शिकवू नकोस!” त्यांनी बटणाकडे हात नेला. विसालने बटण आपल्या तळहाताने झाकून धरलं.

“आधी वाचा. वाहिनी राऊटरच्या तिसऱ्या दारातून, म्हणजे पोर्टातून, येतेय आणि राऊटर दुसऱ्या दाराकडे डोळे लावून बसलाय. भलत्या दारातून आलेलं तो टाकून देतो. सकाळी या वाहिनीचा रस्ता कुणी बदलायला लावला?”

“नोकरी जाईल तुझी.”

“जाऊ दे. हात काढणार नाही.”

दुसऱ्या हाताने तिने एकच ओळ टाईप केली: ही वाहिनी तिसऱ्या दारातूनच घे.

पडद्यावर मिनार उजळला. अजान सुरू झाल्यावरच तिने हात काढला, आणि टेबलावरचा पहिला खजूर साहेबांपुढे न करता सरळ आपल्या तोंडात टाकला.